पस्तीस खण

सोमवार, २५ फेब्रुवारी २०१३

सकाळी नऊला संग्रहालयात गेले. यांच्या टेबलाच्या किल्ल्या परत केल्या. पाक हार्योको यांनी पोच लिहून दिली. चहा घेतला. साडेदहाला निघायचं होतं, पावणेपाचला निघाले.

शुक्रवारी, हे गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. काल वुलान बेकासीला परत गेली. जाताना म्हणाली, "आई, तू बोलत तर नाहीस. निदान लिहीत जा." म्हणून ही वही. जे झालं तेवढं लिहीन.

उशीर झाला तो एका पत्रामुळे. पाक हार्योको संग्रहालयाचे प्रमुख, वय पंचेचाळीस, सारखा घाम पुसत असतात. म्हणाले, "जकार्ताहून आलंय, बू. सोळा एप्रिलला माणसं येणार. ज्या कागदांची यादी आहे ते इथे राहतील. ज्यांची नाही ते लगद्याच्या गिरणीत."

"मग कशाची नाही?"

"बाकी सगळ्याची आहे. अंगठ्यांची नाही. ते पाक मार्सुदींकडे होतं."

मला माहीत होतं. जुन्या सेरायू लोकबँकेत लिहिता न येणारे ठेवीदार डावा अंगठा उठवायचे. प्रत्येकाचं एक कार्ड: नाव, गाव, साल आणि ठसा. हे बँकेतून निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं त्या कार्डांपाशी बसले. यादी मात्र केली नाही.

मी म्हटलं, "मी करते." शाळेच्या कचेरीत तेहेतीस वर्षं मी याद्याच केल्या. पाक हार्योको यांनी किल्ल्या परत माझ्याकडे सरकवल्या. पोच फाडायची राहिली.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

कार्डं तीन हजार नऊशे साठ. सागवानी कपाटात ठेवलेली आहेत. कपाटाला पस्तीस खण. अक्षरं सव्वीस, खण पस्तीस, कुणी बनवलं कोण जाणे. खणांवर चिठ्ठ्या नाहीत. आत काही क्रम नाही. एका खणात दहा गावं, वरचं साल खाली, खालचं वर. यांना मी किती वेळा म्हटलं होतं, अक्षराप्रमाणे लावा. हे हसायचे आणि म्हणायचे, "सवडीने सांगेन."

आता मीच लावते.

शनिवार, २ मार्च

पंधरा खण रिकामे झाले. जमिनीवर चटया टाकून सव्वीस ढीग केलेत. झाडलोट करणारी यू दार्ती ढिगांमधून पाय उचलून चालते, पाण्यातून चालल्यासारखी.

"बू, एवढे अंगठे बघून भूक लागते का हो तुम्हाला?"

"का?"

"नाही, माझी तर मरते. तरी इथे बसून खाते. तुमच्याकडे पंखा चांगला आहे."

रोज बाराला येऊन बसते, दीड वाजेपर्यंत. तिच्या खोलीतला पंखा याच्यापेक्षा नवा आहे. आळशी बाई. पाक हार्योकोंच्या घरी तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, मेंदोआन भजी रोज जास्त होतात. आजही सहा घेऊन आले, गरम, वर हिरव्या मिरच्या. त्यांच्या बायकोला अंदाज नाही. मी दोन खाते, दार्ती चार.

कारकुनाने नाव लिहिताना शिस्त पाळलेली नाही. काही कार्डांवर सरळ नाव आहे, काहींवर "अमक्याचे वडील" किंवा "तमकीची आई" एवढंच. अशा ठिकाणी मी फक्त ते नाव घेते. यादीला नाव लागतं, नातं नाही.

सोमवार, ११ मार्च

शेवटचा खण रिकामा झाला. सव्वीस गठ्ठे पुठ्ठ्याच्या खोक्यांत लावले. खोक्यांवर अक्षरं लिहिली. आता कुठलंही नाव सांगा, एका मिनिटात कार्ड हातात.

पाक हार्योको बघून म्हणाले, "पाक मार्सुदींना अकरा वर्षांत जमलं नाही ते तुम्ही दोन आठवड्यांत केलंत."

चांगलं वाटलं. नंतर तितकं नाही वाटलं.

मंगळवार, १२ मार्च

अकराच्या सुमाराला एक म्हातारे आले. इस्त्रीचा बाटिक सदरा, हातात चपला. चपला दाराबाहेर ठेवायच्या सोडून हातातच धरलेल्या.

"पाक मार्सुदी आहेत?"

"ते वारले. जानेवारीत. मी त्यांची बायको."

त्यांनी चपला या हातातून त्या हातात घेतल्या. मग म्हणाले, "तरीच. मागच्या खेपेला कुलूप होतं. मला वाटलं सुट्टी असेल."

"काम काय होतं?"

"काम नाही. वडिलांना भेटायचं होतं."

मला वाटलं, वयामुळे बोलतायत. ते माझ्या शेजारून सरळ कपाटाकडे गेले. डावीकडून तिसरा, सगळ्यात खालचा खण. त्यासमोर गुडघे टेकून बसले. किती वेळा बसले असतील, जमीन न बघता बसले. खण ओढला. आतमध्ये पार कोपरापर्यंत हात घातला.

"कुठे हलवलंत त्यांना?"

मी सांगितलं की आता नावाप्रमाणे लावलंय, नाव सांगा. त्यांचं नाव सानविर्या, गाव करांगसारी; वयाने आजोबा, म्हणून मी म्बाह म्हटलं. वडिलांचं नाव विचारलं तर म्हणाले, "कुठलं सांगू? लहानपणी तार्सून. मग ताप आला, नाव जड झालं म्हणून स्लामेत केलं. लग्नात नयात्रुना." तिन्ही शोधली. तार्सून आठ निघाले, एकही करांगसारीचा नाही. स्लामेत एकशे चार. नयात्रुना एकही नाही. एक तास गेला.

"पाक मार्सुदी नाव विचारत नसत," म्हातारे हळूच म्हणाले. तक्रार नव्हती. "वार विचारत. मंगळवार-क्लिवोन. आज आहे ना, म्हणून आलो."

तेव्हा मी कपाटाकडे बघितलं. आडवे सात खण, उभे पाच. सात वार, पाच बाजारवार: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. सात पंचे पस्तीस. आमच्याकडे शेंबडं पोरही स्वतःचा जन्मवार असाच सांगतं. आणि मी दोन आठवडे त्या कपाटासमोर बसून अक्षरं मोजत होते.

नावं बदलतात. आजारपणात बदलतात, लग्नात बदलतात. जन्मवार बदलत नाही. जुन्या कारकुनाने म्हणून तसं लावलं असणार. कार्डावर वार लिहिलेला नाही. लिहायची गरजच नव्हती, खणच सांगत होता.

खण मी रिकामे केले.

म्हाताऱ्यांच्या वडिलांना त्रेचाळीस साली जपान्यांनी मजुरीला नेलं. परत आले नाहीत. कबर नाही, फोटो नाही. घरात होतं ते पुरात गेलं. दर पस्तीस दिवसांनी ते इथे यायचे, ठशावर स्वतःचा अंगठा ठेवायचे, फातिहा म्हणायचे. हे खण उघडून द्यायचे आणि खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे.

मी म्हटलं, "पुढच्या मंगळवार-क्लिवोनला या. मी शोधून ठेवते."

"कशाला त्रास, बू."

"शोधून ठेवते," मी म्हटलं. पुढचा मंगळवार-क्लिवोन सोळा एप्रिलला येतो.

बुधवार-लेगी, १३ मार्च

पाक हार्योकोंना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा घाम पुसला.

"यादी आहे ना, बू?"

"आहे."

"मग झालं. जकार्तावाल्यांना खणांचं काय कळतंय? मी कुणाला बोलणार नाही. पाक मार्सुदींनीही कुठे लिहून ठेवलं नव्हतं."

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. पण म्हणजे ती मांडणी आता फक्त आम्हा दोघांना आणि एका म्हाताऱ्याला माहीत. तिघं गेलो की ती कधी नव्हतीच.

"बघू," म्हटलं.

बुधवार-पोन, २० मार्च

म्बाह सानविर्या जाताना सांगून गेले होते की वडिलांच्या अंगठ्यावर विळ्याचा व्रण होता, आडवा. ठशात पांढरी रेघ दिसते. म्हणून भिंग घेऊन एकेक कार्ड बघते आहे. गाव करांगसारी असलेली दोनशे बारा आधी बघितली. रेघ असलेली एकोणतीस निघाली. त्यात नावाने जुळणारं एकही नाही. पण बायकोच्या माहेरी राहून खातं उघडलं असेल तर गाव वेगळं पडेल. म्हणून आता सगळीच.

सोळाशे झाली. विळा सगळ्यांच्याच डाव्या हाताला लागलेला दिसतो. दार्तीने भिंगातून बघितलं. "अर्धा जिल्हा कापलेलाच आहे की हो, बू."

डोळे दुखतात. डॉक्टरांकडे जायला सवड नाही.

शुक्रवार-पाहिंग, २९ मार्च

सगळी झाली. व्रण असलेली चारशे सात.

आज यांचा फार राग आला. चौतीस वर्षांच्या संसारात एकदा सांगायला काय झालं होतं? दोन मिनिटांचं काम. वार, बाजारवार, बस. घरी येताना चालत आले आणि आठवायचा प्रयत्न केला की हे "सवडीने सांगेन" म्हणायचे तेव्हा मी काय करत असायचे. बहुतेक वेळा मी बोलत असायचे. अक्षरांचे फायदे सांगत असायचे.

वुलानचा फोन आला. "जेवलीस का?" म्हटलं जेवले. शंभराव्या दिवसाला किती माणसं बोलवायची विचारत होती. नेहमीची, म्हटलं. ती म्हणाली, "आई, तुझा आवाज बरा वाटतोय." मी तिला चारशे सात व्रणांबद्दल सांगत होते.

मंगळवार-पोन, ९ एप्रिल

कालपर्यंत यादीच्या तीन प्रती लिहून झाल्या. त्या कामात दहा दिवस गेले. यादी बिनचूक आहे. म्हाताऱ्यांचे वडील त्यात कुठेतरी आहेत आणि मला सापडत नाहीत. एकच आठवडा उरला.

दुपारी गेतुक, त्या कंदाच्या गोड वड्या, विकणारा आला. खिडकीतून ओरडला, "वाह्यूची आई! घेणार का?"

दार्ती उठली. "दोन दे. आणि परवाचे कडक होते, सांगून ठेवते."

"तुझे दात मऊ झाले असतील."

"तुझी जीभ झडली असेल!"

मी विचारलं, "तुला तो नावाने नाही हाक मारत?"

"माझं नाव कुणाला माहीत आहे, बू? गल्लीत सगळे वाह्यूची आईच म्हणतात. नवरासुद्धा. दार्ती फक्त इथल्या हजेरीत."

हेही मला वुलानची आई म्हणायचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. जानेवारीपासून त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. हे आज लक्षात आलं.

गेतुक तोंडात तसाच राहिला. "अमक्याचे वडील" असं लिहिलेली कार्डं! यादीत मी मुलांची नावं घातली आणि वडील गाळले. शाळेच्या नोंदवहीत नाव मुलाचंच असतं, त्या सवयीने. पाचशेच्या वर असतील. करांगसारीची एकतीस आहेत.

आणि म्हाताऱ्यांना मी वडिलांची सगळी नावं विचारली. त्यांचं लहानपणचं विचारलं नाही. सानविर्या हे लग्नातलं नाव आहे, कुणीही ओळखेल.

बुधवार-वागे, १० एप्रिल

सकाळी करांगसारीला गेले. म्बाह सानविर्या अंगणात भात वाळत घालत होते. मला बघून घाईने सदरा घालायला आत गेले. सुनेने खुर्ची दिली.

मी म्हटलं, "म्बाह, एकच विचारायचंय. लग्नाआधी तुम्हाला काय म्हणायचे?"

"मला?"

"तुम्हाला."

ते सुनेकडे बघून हसले. "हिलाही माहीत नाही. आता ते कोण विचारतं, बू? त्या नावाने हाक मारणारी सगळी माणसं गेली." मग लाजल्यासारखे झाले. "कासिरून."

सून म्हणाली, "कासिरून! बाबा, हे तर बदकाचं नाव वाटतं."

"गप. माझ्या बापाने ठेवलंय."

मला माहीत होतं ते कार्ड कुठे आहे. क चा दुसरा खोका, मध्याच्या जरा पुढे. "कासिरूनचे वडील, करांगसारी, १९३८." यादीत माझ्या अक्षरात नुसतं "कासिरून" लिहिलंय. अडतीस साली हे पाच वर्षांचे होते. पाच वर्षांच्या पोराच्या नावावर मी अंगठा उठवून घेतला.

मी सांगितलं तेव्हा त्यांनी लाकडी फावडं खाली ठेवलं.

"माझं नाव सांगितलं त्यांनी? बँकेत?"

"हो."

"स्वतःचं नाही?"

"नाही."

ते भाताकडे बघत राहिले. कोंबडी आली तरी हाकलली नाही. मी म्हटलं, आत्ता चला, बसने जाऊ. त्यांनी मान हलवली. "मंगळवारी येतो. त्यांच्या दिवशी." सुनेने मला एक पिशवी नवे तांदूळ दिले. नको म्हटलं तरी.

सोमवार-वागे, १५ एप्रिल

पाच दिवस "वडील" आणि "आई" परत लिहीत होते. पाचशे अठ्ठेचाळीस नोंदी, तिन्ही प्रतींत. दार्ती नावं वाचायची, मी लिहायचे. तिला वाचताना मजा वाटत होती. "एवढ्या सगळ्या वाह्यूच्या आया!" पाक हार्योको शाई घेऊन आले, मेंदोआनही.

यादीच्या पहिल्या पानासाठी मजकूर लिहिला आहे. त्यांना दाखवला. वाचून म्हणाले, "बू, हे घालू नका. यादी नामंजूर झाली तर कार्डं गिरणीत जातील. तुमची सगळी मेहनत जाईल."

"खोटी यादी मंजूर झाली तर?"

"खोटी कुठे आहे?"

"कुणीही बघेल आणि म्हणेल, जुन्या बँकेत अक्षराप्रमाणे लावत होते. ते खोटं आहे."

"आणि पाक मार्सुदींच्या नावाला काही लागलं तर?"

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. घरी येऊन पुन्हा वाचला. एक वाक्य काढून टाकलं, ज्यात मी कारणं दिली होती. बाकी तसंच ठेवलं.

मंगळवार-क्लिवोन, १६ एप्रिल

जकार्ताहून दोघं आले. एक पुरुष फोटो काढायला, आणि एक बाई, तिशीतली, तिच्याच हातात शिक्का. यादी उघडली. पहिलं पान मोठ्याने वाचलं:

"ही कार्डं जन्माचा वार आणि बाजारवार यांप्रमाणे पस्तीस खणांत लावलेली होती. मूळ मांडणी पाक मार्सुदी यांना माहीत होती व त्यांनी ती जपली. दिनांक २६ फेब्रुवारी ते ११ मार्च या काळात मी ती न समजता मोडली. या यादीचा क्रम माझा आहे, बँकेचा नाही."

पाक हार्योको खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणजे यादी चूक आहे का बरोबर, बू?" बाईने विचारलं.

"यादी बरोबर आहे. क्रम चूक आहे."

"परत लावता येईल?"

"कार्डांवर वार नाही. घरोघर विचारावं लागेल. पोरं-नातवंडं आहेत, आई-वडिलांचा वार बहुतेकांना माहीत असतो."

"तीन हजार नऊशे साठ घरं?"

"काही घरांत तीन-चार निघतील."

ती हसली नाही, पण तिने पेन खाली ठेवलं. तेवढ्यात दारात म्बाह सानविर्या आले. हातात चपला. आत एवढी माणसं बघून मागे सरकले. मी त्यांना या म्हटलं. कार्ड मी सकाळीच त्यांच्या खणात ठेवलं होतं, एकटं. ते गुडघे टेकून बसले, खण ओढला, कार्ड काढलं. भिंग लागलं नाही. डावा अंगठा ठशावर ठेवला. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला, तर दार्तीने त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. मग आम्ही सगळेच बाहेर गेलो. बाईसुद्धा, शिक्का हातात घेऊन.

व्हरांड्यात पाक हार्योकोंनी तिला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. आत ते फातिहा म्हणत होते, आणि मग नुसतं बोलत होते. काय ते ऐकू आलं नाही. एकदा हसले.

परत आत आल्यावर बाईने शिक्का मारला. खाली लिहिलं: कार्डं व कपाट येथेच राहावीत. मूळ मांडणीचे काम चालू. मग म्हणाली, "पहिल्या पानावर सही लागेल. स्वतःच्या नावाने."

मी लिहिलं: सुलास्त्री.

दार्ती खांद्यावरून वाकून बघत होती. "अगं बाई, बू, तुमचं नाव हे होय!"

बुधवार-पोन, २४ एप्रिल

काल शंभराव्या दिवसाचं जेवण झालं. सत्तावीस माणसं आली. म्बाह सानविर्या आले होते, सुनेबरोबर. मागे बसून दुआ म्हणाले. वुलान आज सकाळच्या गाडीने गेली. बेकासीला चल म्हणत होती. म्हटलं, काम आहे. किती दिवसांचं, तिने विचारलं. मी हिशेब करून सांगितलं, रोज दोन घरं धरली तर साडेपाच वर्षं.

करांगसारीची आठ कार्डं खणांत गेली आहेत. चार घरांत वार दोन प्रकारे सांगितला. त्यांची चिठ्ठी वेगळी ठेवली आहे, अंदाजाने लावणार नाही. एका आजींनी सासूचा वार विचारला तर तासभर सासूच सांगितली, वार सांगितला नाही. त्यांच्याकडे परत जायचंय.

पाक हार्योको आज जिल्ह्याच्या कचेरीत. दार्तीचा मुलगा आजारी, म्हणून ती आली नाही. दीड वाजेपर्यंत मी दोनदा घड्याळ बघितलं. मग जेवले. डबा धुऊन खिडकीत पालथा घातला, हात कोरडे केले आणि नववं कार्ड काढलं.